विभक्त कळफलक आणि देवनागरीची वर्णव्यवस्था

हस्तलिखित पोथ्यांच्या पुष्पिकांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना लेखनिकाचे एक ठरावीक गाऱ्हाणे ठाऊक असते. पाठ, कंबर आणि मान मोडून गेली, दृष्टी खिळून राहिली, तोंड खाली घालून मोठ्या कष्टाने हा ग्रंथ लिहिला, तेव्हा तो जतन करावा, अशा आशयाचा श्लोक थोड्याफार पाठभेदांनी भारतभरच्या पोथ्यांतून आढळतो. काही पाठांत आवळलेल्या मुठीचाही निर्देश येतो. अठराव्या शतकाच्या आरंभी बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांविषयी लिहिताना लेखनिकांचाही विचार केला आणि त्यांच्या दुखण्याची तीन कारणे दिली : सतत बैसून राहणे, हाताची एकाच दिशेने अखंड चालणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. बोरू गेला, टाक गेला, टंकयंत्रही गेले; ही तीन कारणे मात्र संगणकापुढे बसलेल्या संशोधकाच्या बाबतीत अक्षरशः लागू पडतात. पाठभेदांची नोंद, तळटीपा, संदर्भ, अनेक प्रतींची तुलना हे सर्व आता कळफलक आणि माउस या दोन साधनांनीच होते. साहजिकच ज्यांचे सारे आयुष्य लिहिण्यात जाते त्यांच्यापैकी अनेकांची मनगटे, अंगठे आणि खांदे पन्नाशीच्या आसपास तक्रार करू लागतात. ('कळ' या मराठी शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एकत्र यावेत, हा योगायोग काहीसा क्रूर म्हणावा लागेल.)

या तक्रारीवर जे उपाय सुचविले जातात त्यांत दोन विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला म्हणजे एकसंध कळफलकाऐवजी दोन भागांत विभागलेला, म्हणजेच विभक्त कळफलक वापरणे. दुसरा म्हणजे माउसवरील भिस्त कमी करून शक्य तितके काम कळांनीच करणे. या उपायांची चर्चा बहुधा इंग्रजी लेखन गृहीत धरून केली जाते. देवनागरीत लिहिणाऱ्याच्या बाबतीत या प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. किंबहुना, भारतीय लिपींसाठी प्रमाण मानलेल्या आराखड्यात स्वर आणि व्यंजने यांची वाटणी मुळातच दोन हातांत केलेली असल्याने विभक्त कळफलकाचा लाभ रोमन लिपीपेक्षा देवनागरी लेखकाला अधिक होण्याजोगा आहे. मात्र बाजारात मिळणारे कळफलक देवनागरीचा विचार करून बनविलेले नसतात, आणि त्यामुळे काही वर्णांवर अक्षरशः गदा येते. या दोन्ही बाजू तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम शरीराची बाजू. हात सैल सोडून उभे राहिले असता दोन्ही तळवे परस्परांकडे वळलेले असतात आणि दोन्ही कोपरांमध्ये खांद्यांइतके अंतर असते. एकसंध कळफलकावर लिहिताना या नैसर्गिक स्थितीचा तीन प्रकारे भंग होतो. दोन्ही हात मध्याकडे ओढले जातात. कळांच्या ओळी सरळ असल्याने मनगटे बाहेरच्या बाजूस, करंगळीच्या दिशेने, मुरडावी लागतात. तळवे जमिनीशी समांतर ठेवण्यासाठी पुढच्या हातातील दोन हाडे एकमेकांवरून वळून राहतात. शिवाय कळफलकाच्या मागच्या बाजूचे लहान पाय उभे केले तर मनगट वरच्या बाजूस वाकते. हे पाय मिटून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो सहसा कोणी करीत नाही.

ही रचना हाताचा विचार करून झालेली नव्हती, हे तिच्या इतिहासावरून स्पष्ट होते. मिलवॉकी येथील क्रिस्तोफर लेथम शोल्स आणि त्यांचे सहकारी यांना टंकयंत्राचे पहिले पेटंट १८६८ साली मिळाले आणि १८७४मध्ये रेमिंग्टन कंपनीच्या नावाने ते यंत्र बाजारात आले. प्रत्येक कळेखालून एक दांडा मागे जात असल्याने एका ओळीतील कळ दुसऱ्या ओळीतील कळेच्या नेमकी खाली बसविणे शक्य नव्हते. म्हणून ओळी तिरप्या सरकविल्या गेल्या. दांडे गेले तरी तिरपेपणा टिकून राहिला. टंकयंत्राचा एक गुण मात्र संगणकाने घालविला. ओळ संपली की हात उचलून कागदाचा गाडा सरकवावा लागे, पान संपले की कागद बदलावा लागे, आणि जड कळा दाबण्यासाठी हात अधांतरी ठेवावे लागत. तेवढी विश्रांती आणि तेवढा हालचालीतला फरक आता राहिलेला नाही.

कळफलक दुभागण्याची कल्पना संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. जर्मनीत क्लोकेनबेर्ग यांनी १९२६मध्ये टंकलेखनाच्या सुधारणेविषयी लिहिताना दोन्ही हातांच्या कळा वेगळ्या करून बाजूंना उतरत्या ठेवाव्यात, असे प्रतिपादन केले होते. १९७२मध्ये कार्ल क्रोमर यांनी अशा दुभागलेल्या कळफलकाची नेहमीच्या कळफलकाशी केलेली प्रायोगिक तुलना प्रसिद्ध केली. त्याच दशकात इंग्लंडमध्ये लिलियन माल्ट आणि स्टीफन हॉबडे यांनी 'माल्ट्रॉन' हा कळफलक सिद्ध केला. त्यात कळा बोटांच्या लांबीप्रमाणे खोलगट वाटीत बसविल्या होत्या आणि अंगठ्यांसाठी स्वतंत्र कळा दिल्या होत्या. माल्टबाई टंकलेखनाच्या प्रशिक्षक होत्या, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. हाताचे श्रम पाहण्याची सवय त्यांना यंत्रज्ञांपेक्षा अधिक असणार. पुढे १९९२मध्ये किनेसिस कंपनीचा याच जातीचा कळफलक आला आणि १९९४मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'नॅचरल' कळफलकाने ही कल्पना सामान्य कार्यालयांत पोचविली. तो एकाच तुकड्यात होता, परंतु त्याच्या दोन बाजू कोनात वळविलेल्या होत्या. २०१०नंतर हौशी मंडळींनी आपापले आराखडे खुले केले. त्यांतून पूर्णपणे दोन सुटे तुकडे असलेले, उभे स्तंभ सरळ ठेवलेले, आणि कोणत्या कळेने काय करावे हे वापरणाऱ्याला ठरवू देणारे कळफलक सर्वत्र पसरले. 'एर्गोडॉक्स' हे त्यांतील एक परिचित नाव.

आता देवनागरीकडे वळावयाचे. टंकयंत्राच्या काळातील देवनागरी रचना अक्षराच्या दृश्य आकारावर आधारलेली होती. अर्धे अक्षर आणि त्याला जोडावयाचा काना हे तेथे वेगळे अवयव होते आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटवावी लागे, कारण ती कागदावर आधी दिसते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये पुरस्कारलेला आणि पुढे आयएस १३१९४ या १९९१च्या भारतीय मानकाबरोबर रूढ झालेला इन्स्क्रिप्ट आराखडा याच्या उलट उच्चारक्रमावर उभा आहे. व्यंजन आधी, स्वरचिन्ह नंतर. जोडाक्षर घडवावयाचे तर दोन व्यंजनांमध्ये हलन्ताचे चिन्ह. अक्षराचा आकार सिद्ध करण्याचे काम संगणक करतो.

या आराखड्याची मांडणी बारकाईने पाहिली तर ती करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वर्णमालेचा तक्ता होता, याविषयी शंका राहात नाही. डाव्या हाताच्या मधल्या ओळीत ो, े, ्, ि, ु ही चिन्हे आहेत आणि त्यांच्या वरच्या ओळीत अनुक्रमे ौ, ै, ा, ी, ू. म्हणजे ऱ्हस्व खाली, त्याचा दीर्घ त्याच बोटाने वर. एकाराच्या वर ऐकार आणि ओकाराच्या वर औकार. मधल्या बोटाखाली हलन्त आहे आणि त्याच कळेवर शिफ्ट दाबली असता 'अ' उमटतो. 'अ' आणि 'अ'चा लोप यांना एकाच कळेवर स्थान देणारा मनुष्य व्याकरण जाणणारा असला पाहिजे. उजव्या हाताला मधल्या ओळीत प, र, क, त, च, ट अशी व्यंजने येतात आणि त्यांच्या वर ब, ह, ग, द, ज, ड. म्हणजे प्रत्येक वर्गाचा अघोष वर्ण बोटांच्या विश्रामस्थानी, त्याचा घोष वर्ण लगेच वर, आणि दोहोंचे महाप्राण त्याच कळांवर शिफ्टसह. क-वर्ग मधल्या बोटाचा, त-वर्ग अनामिकेचा, च-वर्ग करंगळीचा, ट-वर्ग करंगळीने बाहेर सरकून साधावयाचा, तर प-वर्ग तर्जनीने आत सरकून.

नेहमीच्या कळफलकावर ही सुसंगती झाकली जाते. तेथे स्तंभ तिरपे असल्याने 'क'वरून 'ग'कडे जाताना बोट आडवे झुकते आणि हा एक वर्ग आहे हे हाताला जाणवत नाही. ज्या विभक्त कळफलकांत स्तंभ सरळ असतात त्यांत मात्र प्रत्येक वर्ग हा खरोखरच एक उभी रेघ होतो. 'ि'च्या नेमका वर 'ी' येतो. वर्णमालेचा जो तक्ता पाठशाळेत पाठ केला जातो तो येथे बोटांखाली अंथरलेला असतो. देवनागरी टंकन अवघड वाटल्याने जे रोमन अक्षरांतून मराठी उमटविण्याच्या मार्गाला लागले, त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट निर्णायक ठरू शकते. त्या मार्गात शब्दागणिक पर्यायांची यादी पुढे येते आणि त्यातला योग्य पर्याय निवडण्यासाठी हात पुन्हा माउसकडे जातो.

दोन हातांच्या आलटून-पालटून होणाऱ्या कामाचे उदाहरण म्हणून 'साहित्य' हा शब्द घेता येईल. स, ा, ह, ि, त, ्, य ही त्यातील सात चिन्हे होत. यांतील पहिले उजव्या हाताचे, दुसरे डाव्याचे, आणि हाच क्रम अखेरपर्यंत मोडत नाही. शिफ्टची गरज एकदाही पडत नाही. सर्वच शब्द असे सरळ नसतात. खालच्या ओळीत म, न आणि व ही तीन व्यंजने डाव्या हाताकडे दिली गेली आहेत, त्यामुळे 'वामन', 'नवीन', 'मौन' हे शब्द एकट्या डाव्या हातानेच लिहून होतात. 'मनमानी' हाही त्यांतलाच, आणि तो तसा असावा हे उचितच आहे. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात नऊ आघातांपैकी सात डाव्या हाताचे येतात. तेव्हा समतोल सर्वत्र साधला आहे, असा दावा करता येणार नाही. 'व'बाबत आणखी एक अडचण येते. तिची कळ मधोमध असल्याने पुष्कळजण ती उजव्या तर्जनीने दाबतात, आणि विभक्त कळफलकात ती डाव्या तुकड्यावर गेलेली असते. पहिले काही दिवस 'व' लिहिताना उजवे बोट रिकाम्या मेजावर आपटते.

खरा भार पडतो तो शिफ्टमुळे. इंग्रजीत मोठे अक्षर वाक्याच्या आरंभी आणि विशेषनामापुरते येते. देवनागरीत सर्व महाप्राण, सर्व स्वतंत्र स्वर, शिवाय श, ष, ण आणि ळ यांना शिफ्ट लागते. मराठीत ण आणि ळ किती वेळा येतात हे सांगावयास नको. 'आणि' या तीन चिन्हांच्या शब्दात दोनदा शिफ्ट लागते. 'भाषाभ्यास' या शब्दातील नऊ चिन्हांपैकी तीन शिफ्टसह यावयाची, आणि ती तिन्ही उजव्या हाताची असल्याने दर वेळी डाव्या करंगळीला कोपऱ्यातील कळ दाबून धरावी लागते, तीही डाव्या हाताची इतर बोटे स्वरचिन्हांसाठी सज्ज असताना. सर्वांत दुबळ्या बोटावर सर्वांत अधिक काम, आणि सर्वांत बळकट असे दोन अंगठे मिळून एक शब्दान्तराची पट्टी दाबणार, ही वाटणी कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही. विभक्त कळफलकात प्रत्येक अंगठ्याखाली दोन-तीन किंवा अधिक कळा असतात. त्यांपैकी एक शिफ्टसाठी राखून ठेवणे हा मराठी लेखकाने करावयाचा पहिला बदल होय. ही कळ एकदा दाबून सोडली की पुढच्या एकाच वर्णाला लागू व्हावी, अशीही व्यवस्था बहुतेक कळफलकांत करता येते. मग काहीच दाबून धरावे लागत नाही. खोडण्याची आणि ओळ तोडण्याची कळही अंगठ्याकडे आणावी, कारण इन्स्क्रिप्टमध्ये उजव्या करंगळीवर आधीच च-वर्ग, ट-वर्ग आणि खालच्या कोपऱ्यातला 'य' यांचा बोजा आहे. 'य' इतका वारंवार येत असूनही त्याला असे कोपऱ्यात का ढकलले, हे समजणे कठीण आहे.

येथेच वर उल्लेखिलेली गदा येते. विभक्त कळफलक जसजसे लोकप्रिय झाले तसतसे ते आकाराने लहान होत गेले. इंग्रजीत ज्या कळांवर कंस, उद्गार-अवतरणादी चिन्हे असतात त्या कडेच्या कळा काढून टाकल्या तर इंग्रजी लेखकाचे काही बिघडत नाही. ती चिन्हे अंगठ्याच्या कळेबरोबर अन्यत्र मिळू शकतात. देवनागरीत मात्र त्याच कडेच्या कळांवर ट, ठ, ड, ढ हे वर्ण, शिवाय ञ, ृ, ॉ आणि विसर्ग आहेत. प्रत्येक हाताला पाच स्तंभ असलेल्या छत्तीस कळांच्या कळफलकावर ट-वर्गातील हे चारही वर्ण नाहीसे होतात. सहा स्तंभांच्या बेचाळीस कळांच्या प्रकारात ट आणि ठ राहतात, पण ड आणि ढ जातात, कारण त्यांच्या जागी बहुधा खोडण्याची कळ बसविलेली असते. 'मराठी' लिहिता येते आणि 'मांडणी' लिहिता येत नाही, अशी विचित्र अवस्था होते. यावर उपाय आहे व तो सोपा आहे. खोडण्याची कळ अंगठ्याकडे नेली की मोकळ्या झालेल्या जागी 'ड'ची कळ बसविता येते, आणि मग ती 'ट'च्या नेमकी वर येऊन वर्गाचा स्तंभ पूर्ण होतो. तथापि अंकांची ओळ असलेला मोठा प्रकार निवडणे मराठी लेखकाला अधिक सोयीचे, कारण क्ष, ज्ञ, त्र, श्र आणि रफार शिफ्टसह त्या ओळीत मिळतात. संस्कृत ग्रंथांचे संपादन करणाऱ्याला ऋकार आणि विसर्गाच्या कळाही हाताशी हव्यात.

आणखी एक तांत्रिक बाब येथे सांगणे अवश्य आहे, कारण तिच्या अज्ञानामुळे पुष्कळ गोंधळ होतो. कळफलक संगणकाला 'क' किंवा 'प' असे काही कळवीत नाही. तो फक्त अमुक क्रमांकाची कळ दाबली एवढेच कळवितो. त्या क्रमांकाचा 'क' करण्याचे काम संगणकातील आराखडा करतो. म्हणूनच कोणत्याही देशात बनलेल्या विभक्त कळफलकावर इन्स्क्रिप्ट चालते. याचा दुसरा अर्थ असा, की इंग्रजीसाठी कोणी ऑगस्ट ड्वोराक यांचा १९३६ साली पेटंट मिळालेला आराखडा कळफलकाच्या आतच बसविला, तर देवनागरीचे वर्णही विस्कटतात आणि वर्गांचे स्तंभ मोडून पडतात. असा बदल करावयाचाच असेल तर तो संगणकाच्या व्यवस्थेत, त्या एका भाषेपुरता करावा. कळफलकाचा मूळ थर आहे तसा राहू द्यावा.

माउसचा प्रश्न याहून निकडीचा आहे, असे उपलब्ध पुराव्यावरून म्हणावे लागते. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश पाहणीत सुमारे सात हजार तांत्रिक साहाय्यकांची वर्षभर माहिती ठेवण्यात आली होती. आठवड्यास वीस तासांहून अधिक काळ माउस वापरणाऱ्यांत मनगटातील मध्य नसेवर दाब आल्याची लक्षणे अधिक आढळली. कळफलकाच्या वापराशी तसा निश्चित संबंध दिसला नाही. विभक्त कळफलकाविषयी १९९९मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाताचे दुखणे असलेल्या ऐंशी जणांना सहा महिने चार प्रकारचे कळफलक देण्यात आले. त्यांतील मायक्रोसॉफ्टचा वळविलेला कळफलक वापरणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्याचे दिसले, परंतु वैद्यकीय तपासणीतील निष्कर्षांत तशी सुधारणा दिसली नाही. मनगट सरळ राहते हे निर्विवाद. त्यामुळे रोग टळतोच असे म्हणण्यास आधार तोकडा आहे. मोठी किंमत देऊन विभक्त कळफलक आणावयाचा आणि माउस मात्र पूर्वीसारखाच दिवसभर हाती धरावयाचा, हा अर्धवट उपाय होय. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होत असतील तर कळफलकाचा विचार बाजूस ठेवून आधी वैद्याकडे गेले पाहिजे.

माउसचे जनक डग्लस एंगेलबार्ट यांनी आपले साधन एकट्याने वापरण्यासाठी कल्पिलेले नव्हते. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६४मध्ये त्याचा पहिला नमुना तयार झाला; ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताशी माउस होता आणि डाव्या हाताशी पाच कळांचे एक छोटे साधन. त्या कळा एकत्र दाबून आज्ञा देता येत. बाजाराने माउस उचलला आणि डाव्या हाताचे साधन टाकून दिले. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कळफलकावर तर बाणांच्या कळाही नव्हत्या, जेणेकरून लोकांनी माउस वापरावाच. नंतर उजवीकडे अंकांचा गठ्ठा वाढला आणि माउस आणखी दूर गेला. दर वेळी खांदा बाहेर फेकून त्याच्यापर्यंत पोचावे लागते.

दुसरी परंपराही त्याच काळात चालू होती. बर्कली येथे बिल जॉय यांनी १९७६मध्ये लिहिलेल्या 'व्हीआय' या संपादन-कार्यक्रमात चिन्ह हलविण्यासाठी बाणांऐवजी मधल्या ओळीतील चार अक्षरे वापरली होती, कारण त्यांच्या यंत्रावर बाण त्याच कळांवर छापलेले होते. देवनागरीत त्या कळांवर प, र, क, त हे वर्ण येतात. आराखडा देवनागरी ठेवून तेथे आज्ञा द्यावयास जावे तर आज्ञाच कळत नाही. विभक्त कळफलकाच्या थरांनी ही अडचण दूर होते. अंगठ्याची एक कळ दाबून धरली असता प, र, क, त यांनी अनुक्रमे डावीकडे, खाली, वर व उजवीकडे जावे, अशी योजना कळफलकातच करता येते, आणि ती कोणत्याही लिपीत, कोणत्याही कार्यक्रमात चालते. हात जागचा हलत नाही. बाणांबरोबर कंट्रोल दाबल्यास शब्दाशब्दाने पुढे जाता येते, शिफ्ट जोडल्यास मजकूर निवडला जातो. मायक्रोसॉफ्टच्या 'वर्ड'मध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ या कळा एकदम दाबल्या की तळटीप घातली जाते. शिफ्ट आणि एफ-५ यांनी शेवटी जेथे लिहीत होतो तेथे परत जाता येते. पाठभेद नोंदविणाऱ्याच्या कामात हीच दोन कृत्ये दिवसातून शेकडो वेळा होतात.

देवनागरीत तर माउस अक्षराच्या आत पोचतच नाही, ही गोष्ट क्वचितच लक्षात घेतली जाते. 'लक्ष्मी' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या दृष्टीने तो ल, क, ्, ष, ्, म, ी अशा सात चिन्हांचा आहे. माउसने टिचकी मारून 'क्ष्मी'च्या आधी किंवा नंतर उभे राहता येते, आत नाही. नंतर उभे राहून मागे खोडण्याची कळ दाबली तर बहुतेक कार्यक्रमांत आधी फक्त वेलांटी जाते, मग 'म', मग हलन्त. आधी उभे राहून पुढे खोडण्याची कळ दाबली तर पूर्ण 'क्ष्मी' एकदम नाहीसे होते. म्हणजे ऱ्हस्वदीर्घाची दुरुस्ती ही मुळातच कळांनी करावयाची गोष्ट आहे. शब्दाच्या अखेरीस कळांनी पोचणे आणि मागे येणे हाच तेथे जवळचा रस्ता. मुद्रितशोधन करणाऱ्यांना याचा अनुभव असतो, कारण त्यांच्या कामातील फार मोठा भाग वेलांटी-उकारांचाच असतो.

माउस पूर्णपणे टाकून द्यावा असे कोणी म्हणणार नाही. पोथीच्या छायाचित्रातील पुसट अक्षर मोठे करून पाहणे, नकाशे, चित्रे यांसाठी त्याची गरज राहीलच. कळफलकाचे दोन तुकडे दूर ठेवले की मध्ये जागा मोकळी होते. माउस किंवा बोटांनी फिरवावयाचा गोळा तेथे ठेवला तर खांदा बाहेर न्यावा लागत नाही, आणि डाव्या हातालाही त्यातले काम देता येते.

बदल हळूहळू करावा. प्रथम दोन्ही तुकडे शेजारी चिकटवून ठेवावेत, नंतर रोज थोडे दूर करीत खांद्यांइतके अंतर गाठावे, आणि मगच आतील कडा उचलून तंबूसारखा उतार द्यावा. काही आठवडे वेग बराच कमी होतो. मुद्रणाची मुदत जवळ आली असताना हा प्रयोग आरंभू नये. ज्यांचा हात टंकयंत्राच्या रचनेत मुरलेला आहे त्यांना वेलांटी नंतर घालण्याची सवय लागण्यास अधिक वेळ लागेल. आजवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांची स्थिती याहून बरी आहे; इन्स्क्रिप्ट आणि विभक्त कळफलक ही दोन्ही त्यांना नवीनच, तेव्हा ती एकत्र शिकल्यास जुनी सवय आड येण्याचा संभव कमी. कळांवर देवनागरी अक्षरे छापलेला विभक्त कळफलक सामान्य दुकानात मिळण्याची अपेक्षा करू नये. वर्गांचे स्तंभ एकदा ध्यानात आले की छापील अक्षरांची गरजही फारशी राहात नाही.

अनेक भारतीय भाषांत काम करणाऱ्या अभ्यासकाला या श्रमाचा मोबदला अन्यत्रही मिळतो, कारण इन्स्क्रिप्टचा आराखडा ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिपींना समान आहे. मराठीत 'साहित्य' लिहिणारी बोटे गुजराती, कन्नड किंवा तेलुगू लिपी निवडल्यावर त्याच सात कळा त्याच क्रमाने दाबतात आणि तोच शब्द त्या त्या लिपीत उमटतो. तमिळमध्ये महाप्राण नसल्याने क, त, प यांच्या कळांवरील शिफ्टच्या जागा त्यांच्यासाठी लागत नाहीत. मात्र 'व'च्या कळेवर शिफ्टसह येणारा ऴ, जो मराठी लेखकाला एरव्ही कधी लागत नाही, तो तमिळ आणि मलयाळम लिहिताना त्याच जागी हाताशी येतो.